गंगेतील डॉल्फिन आणि सातपुड्यातील रानपिंगळा

गंगेतील डॉल्फिन आणि सातपुड्याच्या सागवनातील रानपिंगळा हे दोन जीव दिसण्यात सर्वस्वी भिन्न आहेत. पहिला सस्तन जलचर असून त्याची लांबी दोन ते अडीच मीटर असते. दुसरा अवघ्या २३ सेंटिमीटरचा शिकारी पक्षी आहे. तथापि दोहोंचा एकत्र अभ्यास केल्यास वन्यजीवरक्षणाचे एक मूलभूत सूत्र स्पष्ट होते.

भक्ष्य शोधण्याची रीत

डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंग नसते. त्यास जेमतेम उजेड-अंधाराचा बोध होतो. गढूळ पाण्यात तो ध्वनिलहरी सोडतो आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासळीचा ठाव घेतो. रानपिंगळा घुबडाच्या कुळातील असूनही दिवसा शिकार करतो. फांदीवर बसून तो सरडे, उंदीर व कीटक हेरतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ते जवळजवळ नसतात.

आजची स्थिती

१८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीलायक नोंद झाली नाही व तो नामशेष झाल्याचे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. पुढे मेळघाट व तानसा येथेही त्याच्या नोंदी झाल्या. डॉल्फिनला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार गंगा व ब्रह्मपुत्रा खोऱ्यांत त्यांची संख्या ६,३२४ आहे.

संकटाचे मूळ

दोहोंची वीण मंद आहे. डॉल्फिनची मादी एका वेळी बहुधा एकच पिलू देते, तर रानपिंगळ्याची मादी बहुधा दोन अंडी घालते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही. श्वासासाठी वर येऊ न शकलेला डॉल्फिन जाळ्यात गुदमरतो. १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्कासारख्या बंधाऱ्यांमुळे त्यांचे कळप एकमेकांपासून तुटतात. रानपिंगळा घरटे करतो ते झाडाच्या ढोलीत. पण ढोलीचे जुने झाड निरुपयोगी समजून प्रथम तोडले जाते.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दोहोंना स्थान आहे. परंतु केवळ शिकारबंदीने डॉल्फिनला वाहते पाणी आणि रानपिंगळ्याला ढोली मिळत नाही. सातपुड्यातील गावांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी ढोलीची झाडे लोकजैवविविधता नोंदवहीत नोंदवून ती राखावीत. घुबडाला अशुभ मानण्याची समजूत शिक्षकांनी वर्गात दूर करावी. जीव राखावयाचा तर प्रथम त्याचे घर राखावे, हेच ते सूत्र होय.