रुमालाला येणारा वास

फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा टाकला. एका कारखान्यात शेकडो किलो मेफेड्रॉन सापडलं. पोरं त्याला एमडी म्हणतात. तेव्हापासून नशा म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर एमडीची पुडी येते, आणि ते साहजिकही आहे. पण दप्तरात पुडी शोधणाऱ्याच्या नजरेतून, हुंगून नशा करायची पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब सहज सुटते. ती सायकलच्या दुकानात उघड मिळते. घरात कुणी विचारलंच, तर चाकातली हवा गेली होती एवढं सांगितलं की भागतं.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९मध्ये आला. व्हाइटनर, थिनर, सोल्यूशन अशी हुंगायची द्रव्यं घेणाऱ्यांचं प्रमाण प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के निघालं. दारू, गांजा, अफू या सगळ्यांत मोठी माणसं पुढे. मुलं मोठ्यांच्या पुढे असलेली नशा ही एकच.

पुणे जिल्ह्यातल्या एका गावातला, सध्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आता दहावी-अकरावीच्या पोरांना या नशेबद्दल समजावतो. व्यसन त्याला स्वतःला नव्हतं, त्याच्या जिवलग मित्राला होतं. दोघे एकाच बाकावर बसायचे, एकाच संघातून कबड्डी खेळायचे. त्याच्या बोलण्यात आकडे नसतात. आपल्याला काय काय दिसलं, तेवढंच तो सांगतो.

पहिल्यांदा जाणवला तो रुमालाचा वास. मित्राने घाम पुसायला रुमाल काढला की गॅरेजमध्ये उभं राहिल्यासारखं वाटायचं. मग ओठांभोवती आणि नाकाखाली लालसर, कोरडे चट्टे उठले. विचारल्यावर मित्र म्हणाला, ‘‘दाढी करायला लागलोय, ब्लेड लागलं.’’ डबा तसाच परत जाऊ लागला. चढाई करताना ज्याचा दम शेवटपर्यंत टिकायचा, तो मधल्या रेषेपाशीच धापा टाकू लागला. एकदा जिना उतरताना त्याचा पाय नको तिथे पडला आणि कठड्याला धरून तो नुसता हसत राहिला. जीभ जड झाली होती. ‘‘टेन्शन नको घेऊस रे, हे काय चरस-गांजा नाहीये,’’ असं तो म्हणाला, आणि त्याचा त्या वाक्यावर खरंच विश्वास होता.

त्याचा असा विश्वास बसावा, हीच या नशेतली सगळ्यात घातक बाब आहे. अशा चिकट द्रावणांत आणि थिनरमध्ये अनेकदा टोल्युइन असतं. श्वासातून आत गेलं की काही सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं. मज्जातंतूंवरचं आवरण चरबीयुक्त असतं, आणि चरबीत सहज विरघळणारं हे द्रव्य त्या आवरणाचीच हानी करतं. महिनोन्‌महिने हुंगणाऱ्याचा तोल जातो, हात कापतात, लक्षात राहत नाही. ऐकू येणं आणि दिसणंही कमी होऊ शकतं. मूत्रपिंडावर परिणाम होऊन रक्तातलं पोटॅशियम इतकं घसरू शकतं, की धडधाकट पोराच्या हातापायांतली ताकद जाते. काही चिकटवण्याच्या द्रव्यांत हेक्झेन असतं. त्याने तळपाय आणि बोटं बधिर होतात.

पण एक धोका असा आहे, की त्याला महिने लागत नाहीत. १९७० साली मिलार्ड बास या अमेरिकी डॉक्टरने हुंगताना अचानक मेलेल्या ११० तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. ही द्रव्यं हृदयाला अ‍ॅड्रिनॅलिनच्या बाबतीत फार हळवं करून ठेवतात. माणूस दचकला, घाबरला किंवा जिवाच्या आकांताने पळाला की शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनचा लोट येतो. त्याने हृदयाचे ठोके एकदम बिघडतात आणि ते बंद पडू शकतं. हे पहिल्याच वेळीही घडू शकतं. म्हणून मुलगा नुकताच हुंगून बसला असेल, तर त्याच्यावर ओरडायचं नाही, कानाखाली द्यायची नाही, पळाला तर पाठलाग करायचा नाही. शांत आवाजात बोलत त्याला मोकळ्या हवेत आणायचं, ट्यूब आणि फडकं बाजूला करायचं आणि जवळ बसून राहायचं. तो बेशुद्ध होऊ लागला, पण श्वास चालू असेल, तर त्याला एका कुशीवर वळवायचं आणि १०८ला फोन करायचा. श्वासच थांबला, तर फोन स्पीकरवर ठेवायचा, पलीकडून सांगतील त्याप्रमाणे छाती दाबत राहायची आणि काय हुंगलंय ते डॉक्टरांना न लपवता सांगायचं. आपल्याकडे असं पोर सापडलं की आधी हात उठतो. तो हात आवरला तर एखाद्याचा जीव वाचेल, इतकं हे थेट आहे.

मित्राशी बोलायला त्या मुलाने सकाळची वेळ निवडली. मैदानावर दुसरं कुणी नव्हतं आणि मित्र शुद्धीत होता. उपदेश टाळून त्याने दिसलं तेच सांगितलं: वास, चट्टे, जिन्यावरचा तोल. ‘‘मला तुझी भीती वाटतेय,’’ एवढं म्हणाला. मित्र चिडला, मग रडला आणि शेवटी म्हणाला, ‘‘घरी सांगू नकोस, शपथ घे.’’

ती शपथ त्याने घेतली नाही. आपल्या पोरांमध्ये चुगलीखोर ठरण्याची भीती फार मोठी असते, म्हणून त्याचं हे वागणं महत्त्वाचं आहे. मित्राच्या वडिलांचा हात चटकन उठतो हे ठाऊक असल्यामुळे तो त्यांच्याकडे गेला नाही, कबड्डीच्या सरांकडे गेला. सरांनी आधी आईला विश्वासात घेतलं, मग वडिलांना समोर बसवून आजार काय आहे ते समजावलं. मुलाला मारायचं नाही, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि मगच सगळे सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेले. आजारी मुलाशी शांतपणे वागू शकेल असं मोठं माणूस शोधणं, हे मित्राच्या हातातलं सगळ्यात मोलाचं काम आहे. ते माणूस सर असेल, मावशी असेल, शेजारच्या काकू असतील.

आईवडिलांना टाळून मात्र पुढे जाता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये व्यसनातून आलेले मनाचे आजारही येतात. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर पालकांचा सहभाग लागतो, आणि त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं. ‘पोराला आमच्याकडे सोडा, सरळ करून देतो’ असं सांगून भेटू न देणाऱ्या केंद्रापासून लांबच राहावं. नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नये.

पोलिसांची भीती अनेक घरांना डॉक्टरपर्यंत पोहोचूच देत नाही. सोल्यूशन, व्हाइटनर हे अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याच्या यादीत नाहीत. गांजा, ब्राउन शुगर, एमडी आहेत. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले आणि १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं. डॉ. अनिता अवचटांनी तिथे रुग्णांना माणूस म्हणून वागवण्याची रीत घालून दिली. व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे समुपदेशक होतात, ही तिथली मोठी ताकद. अशा समुपदेशकाचं म्हणणं पोरं ऐकतात, कारण त्याने ते स्वतः भोगलेलं असतं.

हुंगण्याच्या व्यसनावर उतारा म्हणून देता येईल असं खास औषध नाही. ब्राउन शुगरवर ब्युप्रेनॉर्फिनसारखा आधार असतो, तसा इथे नाही. उपचार होतो तो समुपदेशनाने, घरच्यांच्या साथीने आणि रिकामा वेळ भरून काढून. झोप न लागणं, चिडचिड हे सुरुवातीला होणारच. कबड्डीतला तो मित्रही मध्ये एकदा पुन्हा घसरला आणि पुन्हा ओपीडीत गेला. कित्येक महिने तो, सरांना सांगणाऱ्या या मुलाशी बोलत नव्हता. हा मात्र रोज सरावाला जाताना त्याच्या दारात सायकल थांबवून हाक मारायचा. उसने पैसे द्यायचे नाहीत आणि त्या टोळक्यात बसायचं नाही, या दोन गोष्टी त्याने पाळल्या.

मित्र आता आयटीआय करतो. कबड्डी सुटली, बारीक काम करताना हात अजून थोडा कापतो. तपासणीला तो आईसोबत जातो. शाळेत बोलून झाल्यावर पोरं त्या कॉलेजच्या मुलाला हमखास विचारतात, ‘‘दादा, सांगायला कुणीच नसेल तर?’’ तेव्हा तो फळ्यावर तीन नंबर लिहितो आणि वहीत उतरवून घ्यायला लावतो: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८.