पाहुण्यांना आपली नगरी कशी दाखवावी?

काही वर्षांपूर्वी थायलंडहून आलेले चार उपासक आमच्याकडे मुक्कामास होते. आम्ही त्यांना वेरूळ दाखविले, अजिंठा दाखविले. निघण्याच्या संध्याकाळी बीबी-का-मकबऱ्याच्या आवारात उभे असताना त्यांच्यातील एका वयस्क गृहस्थांनी मागच्या डोंगराकडे बोट दाखवून विचारले, "तिथे वर काय आहे?" आम्ही म्हणालो, "बौद्ध लेणी." "मग आपण तिथे का गेलो नाही?" आम्हास उत्तर देता आले नाही. खरे सांगावयाचे तर इतकी वर्षे या शहरात राहूनही ती लेणी आम्ही स्वतःच नीट पाहिली नव्हती. त्या संकोचातून प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

बँकॉक किंवा यांगूनला गेलेल्या प्रवाशास विहार शोधावा लागत नाही. भर वस्तीत सोन्याने मढविलेले कळस दुरूनच दिसतात व आत वंदना चालू असते. आपल्याकडील प्राचीन विहार डोंगरात आहेत आणि त्यांतील भिक्खूसंघ शेकडो वर्षांपूर्वीच निघून गेला. म्हणून आपल्या नगरीत येणाऱ्यास सोबत जाणता माणूस लागतो. तो माणूस आपण व्हावे.

१) औरंगाबाद लेणी : सर्वप्रथम येथे न्यावे. शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, तरी पुस्तकांतून ही लेणी याच नावाने सापडतात. मकबऱ्यापासून ती सुमारे दोन किलोमीटरवर आहेत. पश्चिमेकडील गटात १ ते ५ व पूर्वेकडील गटात ६ ते ९ क्रमांकाची लेणी असून दोन्ही गटांत सुमारे एक किलोमीटरचे अंतर आहे. पुष्कळजण पहिला गट पाहून परततात, तसे करू नये. क्रमांक ४ चे चैत्यगृह सर्वांत जुने, हीनयान काळातील आहे. क्रमांक ३ च्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून हात जोडलेले स्त्री-पुरुष कोरले आहेत. ते राजे किंवा देव नसून तुमच्या-आमच्यासारखे उपासक आहेत. क्रमांक ७ मध्ये दाराशेजारी अवलोकितेश्वर उभा आहे व त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरली आहेत. आग, चोर, साप, हत्ती, बुडणारे जहाज इत्यादी प्रसंगी वाटसरू त्याचा धावा करीत आहेत. जुन्या काळी प्रवास किती भयाचा होता, हे या एका शिल्पावरून मुलांनाही समजते. आत गाभाऱ्यात नर्तकी व तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया आहेत. ते शिल्प पाहिल्याशिवाय खाली उतरू नये.

२) नागसेनवन व विद्यापीठ : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. राजा मिलिंदाने प्रश्न विचारले व भन्ते नागसेनांनी उत्तरे दिली, म्हणून 'मिलिंद' व 'नागसेनवन' ही नावे. पाहुणे ब्रह्मदेश-थायलंडचे असतील तर ही नावे ऐकताच त्यांचे चेहरे उजळतात, कारण तो ग्रंथ त्यांच्याकडेही वाचला जातो. तेथून विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी न्यावे. नामांतराचा विधिमंडळातील ठराव २७ जुलै १९७८ चा. प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या काळात माणसे मारली गेली, घरे जळाली. हे दार साधेच आहे, पण दरवर्षी १४ जानेवारीस लोक तेथे का जमतात, हे पाहुण्यांना अवश्य सांगावे.

३) मकबरा व पाणचक्की : आपली नगरी अनेकांची आहे, तेव्हा हीही स्थळे आदराने दाखवावीत. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी येथे हे शहर वसविले व नहरींनी पाणी खेळविले. पाणचक्कीत दुरून नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर दळण दळले जाई.

४) वेरूळ व अजिंठा : वेरूळ ३० किलोमीटर, अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. वेरूळ मंगळवारी व अजिंठा सोमवारी बंद असते. पाहुण्यांना बोलाविण्यापूर्वीच वार पाहावा. वेरूळची पहिली १२ लेणी बौद्ध आहेत. त्यांतील क्रमांक १० चे चैत्यगृह व तीन मजली क्रमांक १२ यांना पुरेसा वेळ द्यावा. अजिंठ्यास क्रमांक २६ मधील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे. बँकॉकच्या वाट फो विहारातील पहुडलेली मूर्ती ४६ मीटर आहे. पण ती बांधून काढलेली व सोन्याचा वर्ख दिलेली. आपली अखंड कातळातून कोरलेली. एक घाव चुकला तर दगड पुन्हा जोडता येत नाही, एवढे सांगितले की पाहुणे मूर्तीपुढे अधिक वेळ थांबतात.

शेवटी एक विनंती. पाहुणा येण्याची वाट पाहू नये. एखाद्या रविवारी सकाळी पाण्याची बाटली व विजेरी घेऊन मुलाबाळांसह डोंगर चढावा. भिंतींना हात लावू नये, नावे कोरू नयेत, खाल्लेला कागद खाली आणावा. आम्ही आता दरवर्षी जातो. मागील खेपेस आमच्या नातीने क्रमांक ७ मधील आठही संकटे बोटाने मोजून दाखविली. पुढच्या वेळी कोणी पाहुण्याने त्या डोंगराकडे बोट दाखविले, तर उत्तर द्यावयास घरात माणूस तयार आहे.