संगणकाचा पडदा अडल्यास

शाळेतील संगणकाच्या पडद्यावरील आयकॉन नाहीसे झाले किंवा तळाची टास्कबार थिजली, म्हणजे संगणकच बिघडला असे समजून पुष्कळदा वीज बंद केली जाते. हे कटाक्षाने टाळावे. त्यायोगे जतन न केलेले गुणपत्रक हातचे जाते. विंडोज १० व ११ मध्ये आयकॉन व टास्कबार दाखविण्याचे काम ‘विंडोज एक्सप्लोरर’ हा प्रोग्राम करतो. तो अडला तरी इतर प्रोग्राम बहुधा शाबूत असतात.

(१) आयकॉन न दिसल्यास : पडद्याच्या मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबावे. ‘व्ह्यू’मध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’पुढे खूण नसल्यास ती करावी. आयकॉन केवळ झाकलेले असतात, पुसलेले नव्हेत.

(२) टास्कबार थिजल्यास : कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. यादी त्रोटक असल्यास ‘मोअर डिटेल्स’ दाबावे. ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करावे. टास्कबार क्षणभर लोपून पुन्हा येते. फोल्डरच्या खिडक्या मिटतात, परंतु लिहीत असलेले गुणपत्रक उघडेच राहते.

(३) प्रोजेक्टरवर संगणकाचा पडदा न उमटल्यास : जोडणी तपासावी. नंतर विंडोजचे चिन्ह असलेले बटण धरून ‘पी’ दाबावे व ‘डुप्लिकेट’ निवडावे.

ही दुरुस्ती शिक्षकांनी मुलांदेखत, प्रत्येक कृतीचे कारण सांगत करावी. अडलेल्या यंत्राला न भिता कारण शोधावे, हा धडा त्यातूनच मुलांना मिळतो.