कार्ड फाडून टाकू का?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली होती. पन्नाशी उलटलेले एक शेतकरी गृहस्थ आत आले, दार लोटून घेतले आणि शर्टाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले एक कार्ड त्यांनी टेबलावर ठेवले. मुलीचे सिकलसेल तपासणीचे कार्ड. त्यावर शेरा होता 'एएस'. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, रविवारी पाहुणे येऊन राहिले. हे कार्ड फाडून टाकलं तं चालते का जी?"

मुलगी बारावी झालेली, धडधाकट, वर्षाकाठी एखादा सर्दी-ताप सोडला तर दवाखान्याची पायरी न चढणारी. पण गावात कोणीतरी सांगितले होते की तिच्या रक्तात दोष आहे, आणि तेव्हापासून घरात अन्न गोड लागत नव्हते.

वाचकहो, सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातल्या लाल पेशी एरवी गोल असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात एक छोटासा बदल झाला, की प्राणवायू कमी पडताच या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. प्रत्येकाला हे जनुक एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. दोन्ही सदोष असतील तर तो 'एसएस', म्हणजे रुग्ण. त्याला हातापायांत असह्य वेदना, रक्तक्षय, कावीळ, वारंवार जंतुसंसर्ग असा त्रास होतो. एकच सदोष असेल तर तो 'एएस', म्हणजे वाहक. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतात राबतो, शिकतो, संसार करतो. उलट वाहकांना हिवतापाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच जिथे पिढ्यानपिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकून राहिले. आपल्या देशात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. विदर्भात आणि नंदुरबारकडे ते आदिवासींत व इतर काही समाजांतही आढळते. यात कोणाचे पाप नाही की कोणाच्या कुळाचा बट्टा नाही.

आता हिशेब पाहू, कारण खरी गडबड इथेच होते. वाहक मुलीचे लग्न निर्दोष रक्ताच्या, म्हणजे 'एए' मुलाशी झाले, तर त्यांचे एकही मूल सिकलसेलचा रुग्ण होणार नाही. प्रत्येक मूल आईसारखे वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. दोघेही वाहक असतील तर मात्र प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. 'प्रत्येक गर्भारपणात' हे शब्द मी मुद्दाम लिहितो. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगलीच होणार, असे मानणारी जोडपी मी पाहिली आहेत. नाणे उडवताना मागच्या वेळी छापा पडला होता हे नाण्याला आठवत नाही, तसेच हे आहे.

म्हणून मी त्या गृहस्थांना म्हटले, "काका, कार्ड फाडल्याने रक्त बदलत नाही. हे कार्ड मुलगी नाकारण्यासाठी नाही. मुलाचेही रक्त तपासा, एवढेच ते सांगते." सुईच्या टोकाएवढ्या रक्तात प्राथमिक तपासणी होते. संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासण्यांनी खात्री करतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षे वयापर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. दोघेही वाहक निघाले तरी लग्न करण्यास कायद्याची आडकाठी नाही. गर्भारपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. गर्भलिंग सांगण्यास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानेच अशा रक्तविकारांच्या तपासणीला परवानगी दिली आहे.

मग लोक भितात कशाला? याचे थोडे उत्तर माझ्याकडेच आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील शिबिरात मी ओळीने नावे पुकारून निकाल सांगितले. एका मुलीला "तू सिकलवाली, बाजूला उभी राहा" असे सर्वांसमक्ष म्हणालो. मला घाई होती, पुढच्या गावचे शिबिर गाठायचे होते. ती मुलगी आठ दिवस शाळेत गेली नाही, असे तिच्या बाईंनी मला नंतर सांगितले. ती वाहक होती, आजारी नव्हती. आजार मी दिला. तेव्हापासून निकाल मी एकेकाला आत बोलावूनच सांगतो.

ही चूक जगात इतरत्रही झालेली आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरकच लोकांना नीट कळला नाही, आणि निरोगी वाहकांना नोकरीत व विम्यात त्रास झाला. ग्रीसमधल्या ओर्खोमेनोस या गावात सिकलसेल तपासणी झाली. पुढे पाहिले तर वाहकांना स्थळे मिळेनात, म्हणून लोकांनी निकाल लपवले होते. सायप्रसमध्ये थॅलसेमिया या रक्ताच्याच आनुवंशिक आजाराबाबत मात्र वेगळी वाट धरली. तिथल्या चर्चने लग्नाआधी दाखला मागायला सुरुवात केली, पण त्या दाखल्यावर निकाल नसतो. तपासणी झाली आणि दोघांना माहिती दिली, एवढेच लिहिलेले असते. बहुतेक वाहक जोडप्यांनी ठरलेली लग्ने मोडली नाहीत, आणि थॅलसेमियाग्रस्त मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे पत्रिका पाहणाऱ्यांनी हा दाखला जरूर अभ्यासावा!

याच आठवड्यात एक मावशी मुलाला घेऊन आल्या. त्यांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. "मुलाचे लग्न ठरवतो आहे, त्याच्या डोक्यात मामाचा आजार येईल का ते रक्तावरून सांगा," असे त्यांचे म्हणणे. अशी तपासणी अस्तित्वात नाही. सिकलसेल एका जनुकाचा खेळ आहे, मानसिक आजारात शेकडो जनुकांचा प्रत्येकी किंचित वाटा असतो आणि आयुष्यातल्या घडामोडींचाही असतो. सर्वसाधारणपणे शंभरात एकाला हा आजार होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात सुमारे दहा, म्हणजे नव्वद जणांना होत नाही. मामा-भाच्याच्या नात्यात ती आणखी कमी. हुबेहूब जुळ्या भावांपैकी एकाला असला तरी दुसऱ्याला होईलच असे नाही. हल्ली थुंकीची नळी कुरियरने पाठवली की स्वभावापासून नैराश्यापर्यंत सारे सांगणारे अहवाल विकत मिळतात. मानसिक आजाराचे भविष्य म्हणून त्यांवर पैसे घालवू नका. घरात कोणी एकटे बसू लागले, झोप उडाली, संशय वाढला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लवकर जाणे, हे त्या अहवालांपेक्षा कितीतरी उपयोगाचे.

आणखी एक. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा एक आनुवंशिक आजार आहे. त्याचे जनुक १९९३ साली सापडले आणि खात्रीची तपासणी निघाली. तरीही परदेशात ज्यांच्या आईवडिलांना हा आजार होता, त्यांतल्या बहुतेकांनी ती करून घेतली नाही. आजार थोपवणारा उपाय नसताना आधीच कळून काय करायचे, असे त्यांना वाटले. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. सिकलसेलचे तसे नाही. तिथे कळल्यावर करण्यासारखे पुष्कळ असते. रुग्ण बाळाला वेळीच पेनिसिलीन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सीयुरिया मिळाले तर त्याचे आयुष्य बदलते.

त्या काकांनी कार्ड पुन्हा पिशवीत घातले. "पण मुलाकडच्यांना म्हणू कसं? मुलीच्या बापानं?" मी म्हटले, माझे नाव सांगा, डॉक्टर दोघांचेही रक्त मागतात म्हणा. रविवारी पाहुणे आले. मंगळवारी मुलाचा मामा मुलाला मोटारसायकलवर घेऊन दवाखान्यात हजर झाला, आणि "माझंही घ्या जी" म्हणून त्याने स्वतःचे बोटही पुढे केले. निकाल काय आला ते मी इथे लिहिणार नाही. तो त्या दोन घरांचा आहे.