मगरी मोजल्या मी, नाव लागलं दुसऱ्याचं

‘स्थानिक मदतनीस.’ अहवालाच्या शेवटच्या पानावर, आभाराच्या यादीत माझा उल्लेख एवढाच. नावसुद्धा नाही. आतला एक तक्ता मात्र ओळीन् ओळ माझ्या वहीतला. एका दुपारी काठावर वाळूचा ट्रॅक्टर आला तेव्हा मी शेऱ्यात ‘ट्रॅक्टर, सगळ्या पाण्यात’ असं खरडलं होतं. तेही जसंच्या तसं छापलंय. चोरायचंच होतं तर निदान भाषा तरी बदलायची!

कृष्णेतल्या मगरी आम्हा कुरुंदवाडकरांना नव्या नाहीत. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात त्या ऊन खात पडलेल्या दिसतात. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणजे आमची सुट्टी आणि त्यांची वीण एकाच वेळी. मगरींच्या नोंदींसाठी ‘विद्यार्थी हवेत’ असा एका संस्थेचा मेसेज आला, ‘प्रशिक्षण शुल्क’ भरलं आणि एसटीनं सांगली, तिथून पुढं भिलवडी असं सुरू झालं.

प्रशिक्षण काय, तर पहिल्या दिवशी दुर्बिणी हातात देऊन संस्थेच्या सरांनी आमचे फोटो काढले. त्यानंतर सर यायचे ते पाहुण्यांना घेऊन, आणि पाण्याचे जार उचलायला आम्ही. मगर तोंड वासून पडली की सर पाहुण्यांना सांगायचे, “बघा, चवताळलीय!” अहो, ती अंगातली उष्णता कमी करत असते. हे मी एकदा हळूच बोलले, तर दुसऱ्या दिवसापासून माझी जागा लांबच्या काठावर. बरंच झालं. तिथं बसून दर दहा मिनिटांनी कोण काठावर, कोण पाण्यात, कुणाचं तोंड उघडं, याची नोंद करता आली. ही पद्धत मला सरांनी नाही, जीन ऑल्टमन यांच्या 1974 च्या शोधनिबंधानं शिकवली.

आणि मी विचारलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. “सर, अहवालात आमची नावं येणार ना?” तर म्हणाले, “आधी काम शीक गं पोरी, नावाचं नंतर बघू.” वही मागून घेतली, त्यानंतर फोन उचलणं बंद. रोज संध्याकाळी मी वहीच्या पानांचे फोटो काढायचे, म्हणून आज एवढं ठणकावून लिहिता येतंय. तुम्हीही काढा. मूळ वही कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.

काम शिकवायचे पैसे मागणारा दिसला की सावध व्हा. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप असते. तिथं आपल्याला विद्यावेतन मिळतं, आपण द्यायचं नसतं. फक्त अर्ज आदल्या वर्षीच, बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास भरावा लागतो. आमच्याकडं एप्रिलमध्ये परीक्षा संपत आल्यावर सुट्टीचा विचार सुरू होतो, तोवर सगळं आटोपलेलं असतं. कॉलेजात हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही.

राधानगरी किंवा चांदोलीच्या जंगलात काम असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांचं परवानगीपत्र डोळ्यांनी बघा. त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, पत्र यायला वेळ लागतो, त्यामुळं ‘तोंडी झालंय’ हे ऐकून घेऊ नका. मगर हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी. अंडी उकरायला सांगितली तर सरळ नाही म्हणा, गुन्हा दाखल झाला तर सर ओळखसुद्धा दाखवणार नाहीत. बाकी टोपी, पाणी, घरी सांगून जाणं हे तुम्हाला कळतंच.

आणि कुठंच नंबर लागला नाही तरी सुट्टी वाया जात नाही. राघवेंद्र गदगकरांनी गांधीलमाश्यांच्या समाजावर आयुष्यभर काम केलं. माश्यांवर रंगाचे ठिपके द्यायचे आणि कोण काय करतं ते बघत बसायचं. कमी खर्चातल्या अशा प्रयोगांवर त्यांचं 2021 चं पुस्तकही आहे. जुन्या वाड्याच्या वळचणीला पोळं सापडतंच. तिथं ना शुल्क, ना सर.

यंदा कुणाचा मेसेज आला तर पैसे भरण्याआधी त्या संस्थेचे मागचे अहवाल मागवा. लेखकांच्या यादीत एक तरी विद्यार्थी आहे का बघा. नसेल, तर जाऊ नका.