क्लॉक कुणाचं, ते आधी विचारा

मुळशी तालुक्यात पिरंगुटच्या एका कारखान्यातून पुण्याच्या हेड ऑफिसपर्यंत दोन एमबीची लीज्ड लाइन होती. दोन्ही राउटरवर लाइन 'अप' दिसायची, पिंगही जायचा. पण स्टोअर्सची फाइल पाठवली की मध्येच तुटायची. पावसाळा असल्याने सगळा दोष भिजलेल्या तारांवर गेला आणि केबलही बदलून झाली. मी पोचलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं, तरी इनपुट एरर आणि सीआरसीचे आकडे डोळ्यांदेखत चढत होते. दोन्ही टोकांच्या मोडेमचं क्लॉक 'इंटर्नल'वर होतं.

अशा दोन एमबीच्या, म्हणजे ई-1 लाइनवर सेकंदाला 20,48,000 बिट जातात. दोन स्वतंत्र क्लॉकमध्ये दहा लाखांत 50 एवढाच फरक धरला, तरी सेकंदाला शंभरावर बिट मागेपुढे होतात. म्हणजे 256 बिटांची एक फ्रेम दर अडीच सेकंदांनी हातची जाते. छोटा पिंग त्यातून निभावतो, मोठी फाइल निभावत नाही. लाइन देणाऱ्यांना विचारलं, तर क्लॉक त्यांच्याच नेटवर्कमधून येत होतं. दोन्ही मोडेम 'लाइन'वर घेतले, काउंटर साफ केले. एरर पुन्हा वाढले नाहीत.

म्हणून नव्या मुलांना कळकळीने सांगतो, राउटरवर 'क्लॉक रेट' टाइप करण्याआधी 'शो कंट्रोलर्स' पाहा. तिथे डीटीई दिसलं तर क्लॉक समोरून येणार, तुम्ही द्यायचं नाही. दोन राउटर केबलने थेट जोडले असतील, तर डीसीई टोकाने द्यायचं.

'बॅन्डविड्थ' ही कमांड निराळी. क्लॉक रेट बिटमध्ये, ही किलोबिटमध्ये. हिने वेग तसूभरही वाढत नाही. पण सोडूनही देऊ नका. सिस्कोच्या सिरियल पोर्टवर ती मुळात 1544 असते, अमेरिकेतल्या टी-1 लाइनचा आकडा. 64 केबीच्या लाइनवर तशीच राहिली, तर ओएसपीएफ तिची कॉस्ट 1562 ऐवजी 64 धरतो आणि रहदारी खुशाल त्या अरुंद वाटेवर घालतो.

थेट जोडणीत वेग निवडताना कार्डाची मर्यादाही बघा. सिस्कोचं विक-2ए/एस कार्ड सिंक्रोनसमध्ये 128 केबीपर्यंतच जातं. केबल लांब असेल तर क्लॉक जाऊन डेटा परत येईतो वेळ चुकते. रेट उतरवल्यावर एरर थांबले, तर आधी आखूड केबल लावून बघा.