जुने धुराडे, नवी शेगडी

सकाळी उठल्यावर डोके जड, मळमळ, अंगात त्राण नाही. दुपारपर्यंत मात्र सगळे ठीक. खानावळ चालवणाऱ्या एका कुटुंबातील सून आणि तिची दोन मुले ही तक्रार घेऊन दवाखान्यात आली. पित्ताच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. तिघांचेही डोके एकाच वेळी कसे दुखते, असे विचारले तेव्हा उलगडा झाला. खालच्या भटारखान्यात भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी पंख्याची शेगडी नवीनच बसवली होती. पहाटे चारला ती पेटे. तिची नळी वाड्याच्या जुन्या विटांच्या धुराड्यात सोडलेली होती, आणि ते धुराडे या तिघांच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीतून वर गेले होते. भिंतीला भेगा होत्या.

असे का होते?

लाकडाच्या चुलीचा धूर खूप गरम, म्हणून हलका असतो व आपोआप वर चढतो. पेलेटच्या शेगडीचा धूर त्या मानाने थंड असतो; त्याला पंखा ढकलतो. रुंद धुराड्यात शिरताच तो पसरतो, आणखी थंड होतो आणि रेंगाळतो. विटांवर ओल व काजळी धरते. वरची वाट मंदावली, की धूर भेगांतून घरात शिरतो.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गर्भवती, लहान मुले व हृदयरोगी यांना धोका अधिक. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे असते. ते प्राणवायू पुरेसा असल्याचे दाखवते.

काय करावे?

१. जुन्या धुराड्यात तळापासून टोकापर्यंत धातूची अखंड नळी सोडावी. तिचा व्यास शेगडीच्या माहितीपत्रकाप्रमाणे असावा; घरगुती शेगडीला बहुधा तीन ते चार इंच लागतो. सांधे पक्के बंद करावेत.
२. नळीचे तोंड छपराच्या वर पुरेसे उंच असावे. त्यावर टोपी बसवावी, म्हणजे पाऊस व पाखरे आत जात नाहीत.
३. तळाशी राख व काजळी काढण्याचे झाकण ठेवावे. नळी नियमित साफ करावी.
४. एका नळीला एकच शेगडी जोडावी.
५. पूर्वीच्या निर्धूर चुलीची ॲस्बेस्टॉस-सिमेंटची नळी असल्यास ती कापू किंवा फोडू नये. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.
६. झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा भोंगा लावावा.

त्रास झाल्यास

घरातील अनेकांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर धुराचा संशय घ्यावा. सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. बाहेर पडता पडता जमल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात. कोणी बेशुद्ध असल्यास किंवा धाप लागली असल्यास १०८ वर दूरध्वनी करावा आणि डॉक्टरांना शेगडीविषयी जरूर सांगावे. धुराड्याची दुरुस्ती होईपर्यंत शेगडी पेटवू नये.

त्या कुटुंबाने शेगडी बंद ठेवून धुराड्यात नळी घातली. तिघांची डोकेदुखी थांबली. गोळ्या लागल्या नाहीत.